वाचनसंकल्पाचे वर्ष : नोंद कशी ठेवावी, हिशेब कसा मांडावा

प्रतिनिधी

नववर्षाच्या संकल्पांत व्यायाम, बचत आणि रोजनिशी यांच्या जोडीला वाचनाचा संकल्प हमखास असतो. 'यंदा वर्षभरात इतकी पुस्तके वाचायचीच' असा निश्चय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अनेक घरांत होतो. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तो टिकतो. मार्चमध्ये आर्थिक वर्षाची अखेर आणि मुलांच्या परीक्षा एकदमच येतात आणि पुस्तक उशाशी तसेच पडून राहते. एप्रिलमध्ये संकल्पाची आठवण झालीच, तर 'आता काय, राहिलेच ते' असे म्हणून तो विषय पुढल्या वर्षावर ढकलला जातो. असे संकल्प मोडण्याचे कारण बहुतेक वेळा वाचनाची अनिच्छा हे नसते. आपण नेमके किती मागे पडलो आहोत आणि ते भरून काढण्यास काय लागेल, हेच वाचकाला ठाऊक नसते. अंतर माहीत नसले की ते प्रत्यक्षाहून मोठे वाटते. वाचनसंकल्पाची नोंद ठेवण्याचे पहिले प्रयोजन हे अंतर डोळ्यांसमोर आणणे हेच आहे.

परंपरा जुनीच

ठराविक मुदतीत ठराविक वाचन, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पारायणाची सारी रचना याच तत्त्वावर उभी आहे. 'ज्ञानेश्वरी'चे अठरा अध्याय सप्ताहाच्या सात दिवसांत विभागले जातात. 'गुरुचरित्रा'च्या सप्ताहातही कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत वाचायचे, हे आधीच ठरलेले असते. 'दासबोधा'ची वीस दशके आणि प्रत्येक दशकातील दहा समास, असे एकूण २०० समास आहेत. रोज एक समास वाचणाऱ्यास किती दिवस लागतील, हे सांगण्यास गणिताची गरज नाही. चातुर्मासात एखादी पोथी लावून ती पूर्ण करण्याचा नेम जुन्या पिढीतील अनेक स्त्रिया पाळत. पोथीत ठेवलेले मोरपीस हीच त्यांची प्रगतीची खूण होती.

वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवण्याची सवयही जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ ते १८६० या काळात 'वाचावयाची पुस्तके' आणि 'वाचलेली पुस्तके' अशा नोंदी वह्यांमध्ये ठेवल्या होत्या. महात्मा गांधी १९२२ ते १९२४ या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते, तेव्हाच्या त्यांच्या रोजनिशीत वाचलेल्या ग्रंथांच्या नोंदी आहेत. अमेरिकी गायक आर्ट गारफंकेल १९६८ पासून आपण वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवत आले असून ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली आहे.

'वर्षभराचे आव्हान' हे रूप मात्र अलीकडचे आहे. अमेरिकेतील नीना सांकोविच यांनी बहिणीच्या निधनानंतर ऑक्टोबर २००८ पासून वर्षभर रोज एक पुस्तक वाचले. त्या अनुभवावरील त्यांचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटिश लेखिका अॅन मॉर्गन यांनी २०१२ मध्ये जगातील प्रत्येक स्वतंत्र देशाचे एक पुस्तक वाचण्याचा उपक्रम केला. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गुडरीड्स' या संकेतस्थळाने २०११ पासून वार्षिक वाचन-आव्हान सुरू केले आणि पुस्तकांचा आकडा ठरवून वर्षभर त्याकडे वाटचाल करण्याची पद्धत जगभर पसरली. हे संकेतस्थळ २०१३ मध्ये 'अॅमेझॉन'ने विकत घेतले.

उद्दिष्ट ठरविताना

दुसऱ्याने पन्नास पुस्तके वाचली म्हणून आपणही पन्नास वाचावीत, हा उद्दिष्ट ठरविण्याचा सर्वांत वाईट मार्ग होय. आकडा स्वतःच्या वेगावरून आणि वेळेवरून काढावा. इंग्रजी वाचनाच्या वेगावरील अनेक अभ्यास एकत्र करून बेल्जियममधील मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार प्रौढ व्यक्ती मूकवाचनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द ललितेतर मजकूर वाचते, तर ललित मजकुराचे सरासरी २६० शब्द वाचते. ही सरासरी इंग्रजीची आहे. मराठी वाचकाने स्वतःचा वेग स्वतःच मोजणे उत्तम. हातातले पुस्तक नेहमीच्या गतीने वीस मिनिटे वाचावे आणि पृष्ठे मोजावीत. असे तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या पुस्तकांबाबत करून सरासरी काढावी.

समजा, वीस मिनिटांत आठ पृष्ठे होतात आणि वर्षाचे उद्दिष्ट चोवीस पुस्तकांचे आहे. सरासरी पुस्तक २०० पृष्ठांचे धरले, तर वर्षाची ४,८०० पृष्ठे होतात. म्हणजे दिवसाला साधारण तेरा पृष्ठे आणि वेळेच्या हिशेबात सुमारे तेहतीस मिनिटे. लोकलमध्ये बसायला जागा मिळणाऱ्यास एका बाजूच्या प्रवासात हे साधते. घर, नोकरी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या गृहिणीस मात्र सलग तेहतीस मिनिटे मिळणे कठीण असते. तिने बारा पुस्तकांचा संकल्प केला, तर तो कमी प्रतीचा ठरत नाही. उद्दिष्ट सामान्य आठवड्यात झेपेल इतकेच असावे. सुटीच्या आठवड्यावरून ते ठरवू नये.

वर्ष कधी सुरू करावे, हाही प्रश्न आहे. गुढीपाडव्यापासून संकल्प करण्याची कल्पना आकर्षक असली, तरी चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिक मास आल्यास ते ३८४ दिवसांच्या आसपास जाते. त्यामुळे एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना बिघडते. पाडव्याचा मुहूर्त साधायचाच असेल, तर त्या तारखेपासून ३६५ दिवस मोजावेत, म्हणजे झाले.

काय मोजावे?

संकल्पाच्या आरंभीच काही नियम लिहून काढणे हिताचे असते. वर्षाच्या मध्यावर नियम बदलण्याचा मोह होतो आणि मग आकड्याला अर्थ उरत नाही.

पहिला प्रश्न जाडीचा. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) ही छोटेखानी कादंबरी आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) ही जाडजूड कादंबरी, दोन्ही पुस्तकांच्या यादीत 'एक' म्हणूनच धरली जातात. परिणामी नुसती पुस्तके मोजणारा वाचक नकळत बारीक पुस्तकांकडे वळतो. उपाय सोपा आहे. पुस्तकांच्या संख्येबरोबर पृष्ठांचीही बेरीज ठेवावी. एक आकडा थांबलेला दिसला तरी दुसरा पुढे जात असतो आणि जाड ग्रंथ हाती घेतलेल्या महिन्यात उमेद खचत नाही.

दुसरा प्रश्न दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून मराठी वाचकाचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वाचन या अंकांनी व्यापलेले असते. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी स्वतंत्र योजना चालवतात. हे वाचन पुस्तकांत धरावे की नाही, याचा निर्णय जानेवारीतच घ्यावा. अंक वेगळ्या पृष्ठावर नोंदवून त्यांची फक्त पृष्ठसंख्या एकूण बेरजेत घेणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. अन्यथा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वाधिक वाचूनही वाचक कागदावर मागे पडलेला दिसतो.

तिसरा प्रश्न श्राव्य आणि ई-पुस्तकांचा. ई-वाचकावर अक्षर मोठे केले की पडद्यांची संख्या वाढते, म्हणून तेथे टक्केवारी नोंदवून छापील आवृत्तीची पृष्ठसंख्या हिशेबास धरावी. श्राव्य पुस्तके तासांत मोजावीत. पुनर्वाचन, कवितासंग्रह, नाटके आणि मुलांना वाचून दाखविलेली पुस्तके यांबाबतही एकेक ओळीचा नियम पुरेसा आहे. पुनर्वाचन मोजावेच, असे सुचवावेसे वाटते. ते न मोजल्यास वाचक आवडत्या पुस्तकाकडे परत जाण्याचे टाळतो आणि संकल्पाने वाचनाचे नुकसानच होते.

नोंदीचे रकाने

नोंद जितकी किचकट, तितकी ती लवकर बंद पडते. पुढील आठ रकाने बहुतेकांना पुरतात :

१. पुस्तकाचे नाव व लेखक. अनुवाद असल्यास अनुवादकाचे नावही.
२. प्रथम प्रकाशनाचे वर्ष.
३. मूळ भाषा.
४. प्रकार : कादंबरी, कथा, कविता, चरित्र, आत्मकथन, इतिहास, विज्ञान इत्यादी.
५. पृष्ठसंख्या.
६. सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख.
७. पुस्तक कोठून मिळाले : विकत, ग्रंथालय, उसने, भेट.
८. दोन-तीन ओळींचा अभिप्राय.

सातवा रकाना किरकोळ वाटतो, पण तो उपयोगाचा आहे. विकत घेतलेली आणि प्रत्यक्ष वाचलेली पुस्तके यांतील तफावत त्यातून कळते. उसन्या पुस्तकांच्या मालकांना तो रकाना वरदानच ठरावा.

आठव्या रकान्याबाबत एक सूचना. अभिप्राय पुस्तक मिटून लिहावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की शिकलेले विस्मरणात जाण्याचा वेग आरंभी सर्वाधिक असतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उतारा काही विद्यार्थ्यांना पुन्हा वाचायला दिला, तर काहींना न पाहता आठवून लिहायला सांगितला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक मजकूर राहिलेला आढळला. वाचून संपल्यावर मुखपृष्ठ मिटून लिहिलेल्या तीन ओळींचे मोल म्हणूनच मोठे आहे. कथानकाचा सारांश देण्यापेक्षा लक्षात राहिलेला प्रसंग, पटलेली किंवा न पटलेली गोष्ट लिहावी.

वही, तक्ता की संकेतस्थळ?

साधन कोणतेही चालते, मात्र प्रत्येकाचे गुणदोष आहेत. वही हाताशी असते, विजेवर चालत नाही आणि वीस वर्षांनीही उघडते. तिच्यात बेरजा मात्र आपणच कराव्या लागतात. संगणकावरील तक्त्यात पृष्ठांची बेरीज, प्रकारवार वर्गवारी आणि दैनंदिन सरासरी आपोआप निघते. 'गुडरीड्स', २००५ पासूनचे 'लायब्ररीथिंग' आणि त्यानंतर आलेले 'स्टोरीग्राफ' ही संकेतस्थळे आलेख काढून देतात. मराठी वाचकाची अडचण अशी, की अनेक मराठी पुस्तके तेथे सापडत नाहीत, सापडली तर लेखकाचे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलेले असते, किंवा पृष्ठसंख्या नसते. ती स्वतः भरावी लागते. शिवाय संकेतस्थळ बंद पडले वा त्याचे धोरण बदलले, तर वर्षांची नोंद अडकून पडते. म्हणून संकेतस्थळ वापरणाऱ्यांनी वर्षातून दोनदा तरी आपली यादी उतरवून घ्यावी.

ग्रंथालयाची परतीची तारीख हेही प्रगती मोजण्याचे एक जुने आणि भरवशाचे साधन आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांच्या सभासदांचा वाचनाचा ताल अनेक पिढ्या पुस्तक बदलण्याच्या दिवसाने ठरविला. ठरलेल्या मुदतीत पुस्तक परत करावयाचे असल्याने ते वाचूनही होते. घरातील कपाटातल्या पुस्तकाला अशी मुदत नसते आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे वाट पाहते.

तिमाही ताळेबंद

रोज आकडे पाहणे त्रासदायक, तर वर्षअखेरीस पाहणे निरुपयोगी. तीन महिन्यांनी एकदा ताळेबंद मांडावा. सूत्र सोपे आहे : वर्षाच्या उद्दिष्टाला उलटलेल्या दिवसांनी गुणावे आणि ३६५ ने भागावे. चोवीस पुस्तकांच्या संकल्पात ३१ मार्चला सहा, ३० जूनला बारा आणि ३० सप्टेंबरला अठरा पुस्तके झालेली असावीत.

आता समजा, ३० जूनला बाराऐवजी आठच पुस्तके झाली आहेत. चार पुस्तकांची ही पिछाडी पाहून अनेक जण संकल्प सोडून देतात. प्रत्यक्ष हिशेब मात्र वेगळेच सांगतो. राहिली सोळा पुस्तके, म्हणजे ३,२०० पृष्ठे. उरले १८४ दिवस. दिवसाला साडेसतरा पृष्ठे वाचावी लागतील. आधीच्या तेरा पृष्ठांच्या तुलनेत ही वाढ साडेचार पृष्ठांची, वेळेच्या हिशेबात सुमारे अकरा मिनिटांची आहे. दूरचित्रवाणीवरील एका जाहिरातींच्या खंडाहून फार जास्त नव्हे.

हिशेब मांडूनही अंतर भरून निघण्याजोगे नसेल, तर उद्दिष्ट उघडपणे कमी करावे. घरातील आजारपण, नोकरीतील बदल, नवजात बाळ, अशा वर्षांत चोवीसचे चौदा करणे यात कमीपणा नाही. मूळ आकडा खोडून टाकू नये. त्याच्या शेजारी नवा आकडा, तारीख आणि कारण लिहावे. काही वर्षांनी ही नोंद वाचताना त्या कारणाला पुस्तकांइतकेच महत्त्व येते.

मोठ्या ग्रंथासाठी लहान टप्पे पाडणे हाही उपाय आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) बेचाळीस रात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र वाचली, तर सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते आणि तेही मुलांना सोबत घेऊन. ज्या ग्रंथात अशी सोय नाही, तेथे प्रकरणांवर पेन्सिलीने तारखा टाकाव्यात. पुस्तक ग्रंथालयाचे असल्यास अर्थातच वेगळ्या चिठ्ठीवर.

आकड्याचा मोह

वाचनाच्या अशा हिशेबावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : वाचन ही मोजण्याची गोष्ट आहे काय? आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार पुढे सर्वच क्षेत्रांत लागू होऊ लागला. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट झाले, की ते चांगले मोजमाप राहत नाही, असा त्याचा मथितार्थ. वाचनाबाबत याची लक्षणे ठराविक असतात. डिसेंबरमध्ये यादीत एकदम पातळ पुस्तकांची गर्दी होते. न आवडलेले पुस्तक केवळ 'धरले जावे' म्हणून रेटले जाते. कवितेचे पुस्तक एका बैठकीत संपवले जाते. 'कोसला' (१९६३) किंवा 'युगान्त' (१९६७) यांसारख्या थांबायला लावणाऱ्या पुस्तकापाशी वाचक थांबत नाही, कारण पुढचे पुस्तक वाट पाहत असते.

यावर फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये मांडलेले वाचकाचे दहा हक्क ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पाने गाळण्याचा आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क त्यांत समाविष्ट आहे. नोंदवहीत 'सोडलेली पुस्तके' असे एक पृष्ठ राखून ठेवावे. कितव्या पृष्ठावर आणि का सोडले, एवढे लिहावे. त्या पृष्ठांची बेरीज एकूण हिशेबात घ्यावी, म्हणजे नावडते पुस्तक ओढत नेण्याचे कारणच उरत नाही.

नोंदवही काय सांगते?

वर्षअखेरीस वाचलेल्या पुस्तकांचा एकूण आकडा एका ओळीत संपतो. खरे वाचन रकान्यांचे करायचे असते. मूळ भाषेच्या रकान्यात केवळ मराठी आणि इंग्रजीच आहे काय? एस. एल. भैरप्पा यांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत पोहोचल्या. शेजारच्या भाषांतील असे आणखी काय आपल्या यादीत आले? लेखकांच्या रकान्यात स्त्रिया किती? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' केवळ शाळेतील धड्यापुरतीच वाचली गेली काय? सारे वर्ष पेशवाईवरील कादंबऱ्यांत गेले आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) अजून उघडलेच नाही, असे तर झाले नाही? प्रथम प्रकाशनाच्या वर्षांवरून गेल्या पाच वर्षांतील नव्या लेखकांना आपण किती जागा दिली, तेही दिसते.

पुढील वर्षाचा संकल्प या उत्तरांवरून करावा. चोवीसचे तीस करण्याऐवजी 'चोवीसच, पण त्यांतील सहा अनुवाद आणि चार आत्मकथने' असा संकल्प अधिक मोलाचा ठरतो. दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. वर्ष संपण्यास तेव्हा अडीच महिने उरलेले असतात. वही बाहेर काढून रकाने तपासण्यास आणि राहिलेली उणीव भरून काढण्यास तो दिवस सोयीचा आहे. ज्यांनी जानेवारीत संकल्प केलाच नाही, त्यांनाही त्या दिवशी पहिली नोंद करता येईल. त्यासाठी लागते ती एक दोनशे पानी वही आणि दिवसातला अर्धा तास.